कोष्टकाबाहेरचा खेळाडू

शेन बॅटिए एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीत १३ हंगाम खेळला. सामन्यामागे सरासरी ८.६ गुण, ४.२ रिबाउंड आणि दोनपेक्षाही कमी असिस्ट, एवढीच त्याची कारकीर्द कोष्टकात दिसते. ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. तो फार उंच उडत नसे. चेंडू घेऊन दोघातिघांना चकवत आत घुसणे त्याच्या खेळात नव्हते. तरीही ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी त्याला आपल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूंत धरत, आणि हे मत त्यांनी हिशेब करून बनवले होते. तो हिशेब कसा केला, तो कुठवर भरवशाचा आहे आणि कुठे फसवतो, हे समजावून सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

बॅटिएचे नाव बास्केटबॉलबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचले ते मायकेल लुइस यांच्यामुळे. बेसबॉलमधल्या आकडेशास्त्रावरचे ‘मनीबॉल’ लिहून ते आधीच प्रसिद्ध झाले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये त्यांनी बॅटिएवर दीर्घ लेख लिहिला. संगणकाने एक दडलेला हिरा शोधून काढला, असा त्या लेखाचा अर्थ पुष्कळांनी लावला. मला तो अर्थ पटत नाही, कारण बॅटिए कधीच दडलेला नव्हता. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. त्या वर्षी देशातला सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडू म्हणून त्याला गौरवले गेले, आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान तर त्याने तीनदा मिळवला होता. व्यावसायिक संघांच्या निवडीत तो सहाव्या क्रमांकावर घेतला गेला. म्हणजे जाणकारांना त्याची किंमत ठाऊक होती. पुढे व्यावसायिक खेळात आल्यावर ती किंमत लिहून ठेवायला रकानाच सापडेना, आणि जे लिहिले जात नाही ते दोन-तीन वर्षांत विसरले जाते.

हे रकाने कसे पडले ते पाहण्यासारखे आहे. बास्केटबॉलच्या नोंदवहीत जवळजवळ सगळ्या नोंदी चेंडूला हात लागल्याच्या आहेत: गुण, रिबाउंड, असिस्ट. बचावाच्या नोंदी तर फारच उशिरा आल्या. एनबीएने स्टील (चेंडू हिरावणे) आणि ब्लॉक (फेक हवेत अडवणे) मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात. बिल रसेल त्याआधीच, १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवणाऱ्या बॉस्टन सेल्टिक्सचा तो कणा, आणि प्रतिस्पर्ध्याची फेक हवेत अडवणे हे त्याचे मुख्य शस्त्र. त्याने कारकिर्दीत किती फेकी अडवल्या, हे अधिकृतपणे आज कोणीच सांगू शकत नाही. एका महान खेळाडूचे सर्वांत मोठे कौशल्य नोंदीविना गेले.

क्रिकेटवाल्यांना ही अडचण चटकन जाणवणार नाही, कारण त्यांच्या धावफलकात निर्धाव षटकांचा रकाना पूर्वीपासून आहे. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णींनी ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून अवघ्या ५ धावा दिल्या. बळी एकही नाही. तरीही ते पृथक्करण आज साठ वर्षांनंतर मराठी घरांत पाठ असते. तो रकाना नसता तर त्या दिवसाची नोंद ‘बळी शून्य’ एवढीच राहिली असती. बॅटिएचे नेमके तसे झाले. समोरच्याला तो रोखत होता, पण रोखण्याला नोंदवहीत जागा नव्हती.

मग हा माणूस मैदानावर करत तरी काय होता? रिबाउंडपासून सुरुवात करू. फेक चुकून चेंडू कड्यावरून उसळतो तेव्हा बहुतेक खेळाडू चेंडूकडे धावतात. बॅटिए आधी प्रतिस्पर्ध्याच्या उंच खेळाडूला पाठीने अडवून टोपलीपासून दूर ढकलत राही. मोकळा चेंडू त्याच्याच संघातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात पडे, आणि रिबाउंड त्या दुसऱ्याच्या नावावर लागे. फेकणाऱ्या खेळाडूचा चेंडू हाणून पाडण्याच्या मोहात तो सहसा पडत नसे, कारण त्यात फाउल होण्याचा धोका असतो. त्याऐवजी तो तळहात थेट फेकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरी. फेक चुकली तर कोष्टकात ती फेकणाऱ्याची चूक म्हणून जाई, बॅटिएच्या नावापुढे काहीच येत नसे. चढाईत तो बहुधा कोपऱ्यात उभा राही. एनबीएच्या मैदानात तीन गुणांची रेषा समोरून टोपलीपासून २३ फूट ९ इंचांवर असते, पण कोपऱ्यात २२ फुटांवर येते. तिथे नेम धरून उभ्या असलेल्या खेळाडूला सोडून बचावपटूला आत मदतीला जाता येत नाही, त्यामुळे आत घुसणाऱ्या सहकाऱ्याला वाट मोकळी मिळते. चेंडू मिळाला की फेकायचा, नाहीतर लगेच पुढे द्यायचा. उगाच ड्रिबल करत चेंडू गमावणे त्याच्या खेळात जवळपास नव्हतेच.

सर्वांत सूक्ष्म काम होते ते प्रतिस्पर्धी संघाच्या मुख्य खेळाडूवर पहारा देण्याचे. लुइस यांच्या लेखात हा भाग फार सुंदर आला आहे. लॉस एंजेलिस लेकर्सच्या कोबी ब्रायंटविरुद्ध खेळण्याआधी रॉकेट्सचे विश्लेषक बॅटिएच्या हाती एक टिपण देत, जे संघातल्या इतरांना दिले जात नसे. मैदानाच्या कुठल्या भागातून, कुठल्या बाजूला वळल्यावर, किती ड्रिबलनंतर कोबीची फेक किती वेळा यशस्वी होते, याचा त्यात तपशील असे. कोबीला पूर्ण थांबवणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. बॅटिएने स्वतःपुढे ठेवलेले उद्दिष्ट साधे होते: त्याला डावीकडे जायला लावायचे, टोपलीपासून दूर ठेवायचे आणि लांबून दोन गुणांची कठीण फेक घ्यायला भाग पाडायचे. त्यातल्या काही फेकी लागणारच. प्रेक्षकाला दिसे की कोबीने बॅटिएच्या तोंडावर बास्केट मारली. बॅटिएच्या हिशेबात मात्र ती फेक म्हणजे प्रतिस्पर्ध्याने केलेला तोट्याचा सौदा होता.

सौदा तोट्याचा कसा, हे छोट्या गणिताने समजते. समजा एखादा खेळाडू लांबून दोन गुणांच्या फेकी ४० टक्के वेळा साधतो. अशा प्रत्येक फेकीची सरासरी किंमत ०.८ गुण. तोच खेळाडू आत घुसला आणि त्याच्यावर फाउल झाला, तर दोन फ्री थ्रो मिळतात. ते ८० टक्के साधणाऱ्याला त्यातून सरासरी १.६ गुण मिळतात, म्हणजे बरोबर दुप्पट. कोपऱ्यातली तीन गुणांची फेक ३८ टक्के साधली तरी तिची किंमत १.१४ होते. एका सामन्यात दोन्ही संघांकडे प्रत्येकी नव्वद ते शंभर वेळा चेंडू येतो. त्यातल्या दहा वेळी जरी बचावपटूने १.१४ च्या जागी ०.८ ची फेक घ्यायला लावली, तरी सामन्यात जवळजवळ साडेतीन गुणांचा फरक पडतो. एनबीएमध्ये सामन्यामागे सरासरी एका गुणाची आघाडी वाढली की ८२ सामन्यांत साधारण अडीच ते तीन विजय वाढतात, असा ढोबळ अंदाज आहे. साडेतीन गुण म्हणजे नऊ-दहा विजय. कोष्टकात शून्य दिसणाऱ्या कामाची किंमत एवढी मोठी असू शकते.

पण ती ‘असू शकते’ म्हणणे आणि अमुक खेळाडूची ती आहे असे सिद्ध करणे, यात मोठे अंतर आहे. हे अंतर पार करण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे प्लस-मायनस. आइस हॉकीतल्या संघांनी १९५० च्या दशकात ही पद्धत वापरायला सुरुवात केली होती, एनबीएच्या अधिकृत कोष्टकात ती २००७-०८ मध्ये आली. कल्पना अगदी सोपी आहे. खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण केले आणि किती दिले, एवढेच पाहायचे. समजा संघ ३ गुणांनी हरला, पण एक खेळाडू ज्या ३४ मिनिटांत खेळला त्या काळात संघ ५ गुणांनी पुढे होता. म्हणजे तो बाकावर बसलेल्या १४ मिनिटांत संघ ८ गुणांनी मागे पडला. त्या खेळाडूने स्वतः चारच गुण केले असतील, तरी त्याच्या नावापुढे अधिक ५ लागतात. चेंडूला हात लागो न लागो, खेळाडूच्या असण्याची नोंद पहिल्यांदा झाली, म्हणून मी या रकान्याला बास्केटबॉलच्या नोंदवहीतली मोठी सुधारणा मानतो.

मात्र हा कच्चा आकडा अतिशय लबाड असतो. उत्तम सहकाऱ्यांबरोबर खेळणारा सामान्य खेळाडू यात श्रीमंत दिसतो, आणि दुबळ्या संघातला चांगला खेळाडू कर्जबाजारी. बॅटिएच्याच उदाहरणात हा सापळा स्पष्ट दिसतो. २००६ च्या उन्हाळ्यात तो मेम्फिस ग्रिझलीज सोडून ह्यूस्टनला गेला. आदल्या हंगामात ह्यूस्टनने ३४ सामने जिंकले होते, तो आल्यावर ५२ जिंकले. मेम्फिसचे विजय ४९ वरून २२ वर घसरले. बॅटिएच्या चाहत्याला यापेक्षा आणखी काय हवे? पण आदल्या वर्षी ह्यूस्टनचे दोन्ही आधारस्तंभ, याओ मिंग आणि ट्रेसी मॅकग्रेडी, दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होते. आणि त्या उन्हाळ्यात मेम्फिसच्या पाऊ गॅसोलचे पाऊल मोडले होते. त्या उलथापालथीत बॅटिएचा वाटा किती, हे विजयांची बेरीज सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच्या आजूबाजूचे नऊ खेळाडू हिशेबातून वेगळे काढावे लागतात.

हे वेगळे काढण्याचे काम ‘अ‍ॅडजस्टेड प्लस-मायनस’ करते. डॅलस मॅव्हरिक्ससाठी गणिताचे प्राध्यापक वेन विन्स्टन आणि त्यांचे सहकारी जेफ सॅगरिन यांनी २००० च्या सुमारास अशी पद्धत तयार केली. २००४ मध्ये अर्थतज्ज्ञ डॅन रोझेनबॉम यांनी तिची रीत जाहीरपणे मांडली. एकही बदली न होता तेच दहा खेळाडू जेवढा वेळ एकत्र खेळतात, तेवढा सामन्याचा एक तुकडा धरायचा. प्रत्येक तुकडा म्हणजे एक समीकरण. एका बाजूला त्या तुकड्यातला गुणांचा फरक, दुसऱ्या बाजूला यजमान संघाचे पाच खेळाडू अधिक चिन्हाने आणि पाहुण्यांचे पाच वजा चिन्हाने. साखळीतल्या १,२३० सामन्यांतून अशी हजारो समीकरणे मिळतात. अज्ञात संख्या असतात साधारण साडेचारशे, खेळाडूमागे एक. पदवीच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या लीस्ट स्क्वेअर्सच्या पद्धतीने ती सगळी समीकरणे एकदम सोडवायची, म्हणजे सहकारी आणि प्रतिस्पर्धी यांचा परिणाम वजा होऊन प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा आकडा उरतो. रॉकेट्सनेही आपल्या परीने असाच हिशेब मांडला होता. लुइस यांच्या लेखात बॅटिएचा कारकिर्दीतला आकडा अधिक ६ दिला आहे, आणि तो फार थोड्या खेळाडूंच्या वाट्याला येतो.

इथे वाचकाने थोडे थांबावे असे मला वाटते, कारण नेमके इथेच पुष्कळ लोक हुरळून जातात. समजा दोन खेळाडू जवळजवळ नेहमी एकत्रच आत येतात आणि एकत्रच बाहेर जातात. समीकरणांना त्यांच्यात फरक करायला जागाच उरत नाही. एकाला अधिक १२ आणि दुसऱ्याला वजा ९ दिले, किंवा दोघांना प्रत्येकी अधिक १.५ दिले, तरी बेरीज तीच. एकाच हंगामाच्या माहितीवर केलेल्या या हिशेबात चुकीची शक्यता अनेकदा खेळाडूच्या आकड्याइतकीच मोठी असते. २०१० मध्ये एमआयटीच्या स्लोन परिषदेत जो सिल यांनी यावर तोडगा मांडला. हर्ल आणि केनार्ड यांनी १९७० मध्ये सुचवलेले रिज रिग्रेशन त्यांनी इथे लावले. भरपूर पुरावा मिळेपर्यंत प्रत्येक खेळाडूला सरासरीच्या जवळ ओढून धरायचे, हे त्याचे सूत्र. भडक आकडे त्यामुळे शांत होतात आणि पुढच्या सामन्यांचे भाकीत सुधारते. मला या रीतीचा संयम आवडतो. तिच्यातही जोडीतल्या दोघांना श्रेय अर्धे-अर्धे वाटून मिळते, आणि खरा वाटा ६०-४० असेल तर तो कळत नाही.

नशिबाचा भागही दुर्लक्षण्यासारखा नाही. प्रतिस्पर्धी फ्री थ्रो घेत असताना कोणीही बचाव करू शकत नाही. पण त्या वेळी मैदानावर जे पाच जण असतात त्यांच्या नावावर ते गुण चढतात. तीन गुणांच्या फेकींचेही बरेचसे असेच आहे. आज अनेक विश्लेषक अशा फेकींच्या जागी सरासरी धरून हिशेब पुन्हा मांडतात. शिवाय २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व मैदानांत कॅमेऱ्यांनी खेळाडूंच्या हालचाली टिपायला सुरुवात झाली, आणि २०१६ पासून चेंडूला लावलेली बोटे, अडथळा आणलेल्या फेकी, अंगावर घेतलेले धक्के यांचीही अधिकृत मोजणी होऊ लागली. बॅटिएच्या काळात जे रकाने नव्हते त्यातले काही आता आले आहेत.

याच काळातला निक कॉलिसन हा आणखी एक खेळाडू. सिएटल आणि नंतर ओक्लाहोमा सिटीकडून तो खेळला. कारकिर्दीतली सरासरी सहा गुणांच्याही आत, पण अशा हिशेबांत त्याचे नाव वारंवार वर येई. २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने त्याचा ४ क्रमांक निवृत्त केला. त्या शहरात आल्यापासून संघाने हा मान प्रथमच कोणाला दिला होता. तिथल्या प्रेक्षकांनी आणि प्रशिक्षकांनी जे पाहिले तेच समीकरणांनीही सांगितले, आणि दोन्ही साक्षी जुळतात तेव्हा मी आकड्यावर विश्वास ठेवतो.

बॅटिएबाबतही माझे मत बनले ते दोन्ही साक्षी मिळाल्यावर. २००८ मध्ये ह्यूस्टनने सलग २२ सामने जिंकले. १२ विजयांनंतर याओ मिंग दुखापतीने उरलेल्या हंगामासाठी बाहेर गेला, तरी पुढचे १० सामने संघाने जिंकले. २००९ च्या बादफेरीत त्या वर्षी विजेता ठरलेल्या लेकर्सना याच संघाने सात सामन्यांपर्यंत झुंजवले, तेही मॅकग्रेडीशिवाय, आणि तिसऱ्या सामन्यानंतर याओशिवाय. या यशात रॉन आर्टेस्टसारखे इतरही कणखर बचावपटू होते, त्यामुळे ते एकट्या बॅटिएचे नाही. पण एका खेळाडूचे सहकारी बदलत जातात, संघ बदलतात आणि तरीही आकडा वरच राहतो, तेव्हा योगायोगाची शक्यता कमी कमी होत जाते. २००८ आणि २००९ मध्ये प्रशिक्षकांच्या मतदानाने तो सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात आला. पुढे मायामीत त्याला २०१२ आणि २०१३ ची दोन विजेतेपदे मिळाली. २०१३ च्या अंतिम मालिकेतला सातवा सामना मुद्दाम सांगावासा वाटतो. आधीच्या फेरीतल्या निर्णायक सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला मैदानात उतरवलेही नव्हते. अंतिम सामन्यात त्याने तीन गुणांच्या ८ पैकी ६ फेकी साधून १८ गुण केले आणि मायामीने सॅन अँटोनियोला ९५-८८ असे हरवले. इतकी वर्षे कोष्टकाबाहेर काम केलेल्या माणसाची बहुतेकांना आठवणारी रात्र हीच आहे.

या विषयाला माझ्या मते आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जे मोजले जाते तसा खेळाडू खेळू लागतो. सामन्याचा क्वार्टर संपताना अर्ध्या मैदानावरून फेक करून पाहणे संघाच्या हिताचे असते, कारण गमावण्यासारखे काहीच नसते. तरी अनेक खेळाडू भोंगा वाजेपर्यंत मुद्दाम चेंडू धरून ठेवत, आपली टक्केवारी घसरू नये म्हणून. अखेर २०२५-२६ च्या हंगामापासून एनबीएने अशा चुकलेल्या फेकी खेळाडूऐवजी संघाच्या नावावर लिहायला सुरुवात केली. याउलट ह्यूस्टनमध्ये असताना बॅटिएने सॅन अँटोनियोविरुद्ध स्वतःहून बाकावर बसून सुरुवात करण्याची तयारी दाखवली होती. मनू जिनोबिली हा त्यांचा धोकादायक खेळाडू बदली म्हणून आत येई. तो येईल त्याच क्षणी आपणही आत जावे, हा त्यामागचा विचार. सुरुवातीच्या पाचांतले स्थान सोडायला तयार होणारा खेळाडू विरळा, आणि त्या त्यागाची नोंद करणारा रकाना अजूनही नाही.

हे सारे अमेरिकेतले, जिथे प्रत्येक सामन्याची क्षणाक्षणाची नोंद विनासायास मिळते. आपल्याकडे नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएवर, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर किंवा नागपूरच्या मैदानांवर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींचे काय? आपले सामने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गुणपत्रिकेवर नोंदवले जातात. तिच्यात कोणी कधी बास्केट केली त्याचा क्रम असतो, फाउल असतात, टाइम-आउटचे मिनिटही असते. बदली खेळाडू आत उतरला याची फुलीही असते. पण तो कोणत्या मिनिटाला आत आला आणि कधी बाहेर गेला, हे कुठेच लिहिले जात नाही. त्यामुळे या पुस्तकातला एकही हिशेब आपल्या गुणपत्रिकांवरून करता येत नाही. आपल्या संघात एखादा बॅटिए असला तरी तो कागदावर कधीच सापडणार नाही, आणि निवड समितीपुढे मुख्यतः गुणांची यादी जात राहील.

म्हणून शाळा, महाविद्यालये आणि जिमखान्यांच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. बाकावर बसलेल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या हाती वही द्या. प्रत्येक बदलीच्या वेळी सामन्याच्या घड्याळात किती वेळ उरला होता, गुणसंख्या काय होती, आत कोण गेले आणि बाहेर कोण आले, एवढेच लिहायला सांगा. एका सामन्यावरून कोणालाच जोखू नका, निदान पूर्ण मोसमाची वही भरू द्या. मग आकडा ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याच्याकडे पुढचे दोन सामने फक्त पाहत राहा, चेंडू कुठेही असो. वही येत्या मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून सुरू करा.